सहावा बोल्ट

नाही रे, तो विकायचा नाही. भिंतीवर टांगलेला आहे तो — राहू दे तसाच. सगळेच विचारतात, गाडीमागे लावायचा गंजका बार दुकानात कशाला टांगून ठेवलाय म्हणून. तू त्याच्याकडे नको बघू, इकडे बघ, या दोघांकडे. हा कायमचा. एकदा बसवला की बसला, लग्नासारखा, मागे गोळा दिसतोच, मग आवडो न आवडो. आणि हा काढता येणारा — मान अशी फिरवायची, चावी काढायची, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवायची, कुणाला पत्ता लागत नाही की ही गाडी कॅरव्हॅन, चाकांवरचं अख्खं घर, ओढते. तुझ्या बायकोला हाच आवडलाय, मी बघितलं ना मघाशी, कालव्याकडे जाताजाता तिनं याच्यावरच बोट ठेवलं. बायका बरोबर बोट ठेवतात. कायमचा असला की गोळ्यावर आपटून नडगी फुटते. आमच्या गावात कुठल्याही पुरुषाची विजार गुडघ्यापर्यंत वर कर — नडगीवर गोल खूण, पासपोर्टपेक्षा खात्रीची. तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना? माझ्या मुलीच्या वयाचा दिसतोस. एकतीस? मग झालंच तर. मी ट्राइन. पुढचं हे टेबल, कॉफी आणि फोन माझा. मागचं वर्कशॉप सिब्रनचं, माझ्या नवऱ्याचं. चाळीस वर्षं अशीच वाटणी आहे.

कॉफी घे. बिस्कीट घे एक. मग मी डब्याचं झाकण लावणार, घाबरू नकोस, ती आमची रीत आहे — एक कॉफी, एक बिस्कीट, झाकण. तू लीवार्डनचा ना? शहरात काय दोन देतात? तर मग काढता येणारा. ठरलं. थांब, मी त्याला सांगून येते — सिब्रन. सिब्रन. काढता येणारा. — हं. ऐकलं त्यानं. मान हलवली म्हणजे ऐकलं. तो फार बोलत नाही, आणि हवेच्या दाबाचा पाना चालू असला की कानात बोंडं घालतो, लाल, दोरीची. मग फक्त शेवटचं कसायच्या वेळी काढतो. का माहितीये? शेवटचं कसणं हातानं असतं, लांब दांड्याच्या पान्यानं. हवा तेवढा जोर पडला की तो पाना आतल्या आत 'कट्' करतो. तो कट् ऐकू आला पाहिजे, त्याच्यावर एक केसभरही नाही, खालीही नाही. तुझ्या गाडीला सहा बोल्ट — म्हणजे सहा कट्. आणि एक कसला की हा बुवा चार-पाच मिनिटं काही करत नाही, नुसता उभा राहतो. लोखंडाला बसू द्यावं लागतं म्हणे. दुसरीकडे अर्ध्या तासात गाडी देतात, आमच्याकडे अर्धा दिवस. मी इथे बसून मोजते. सवय लागलीये. पाव कापताना, हिशेब लिहिताना, कुणाशी बोलताना — मनात आकडा चालू. बायको घरात नवऱ्याच्या चपलांचा आवाज ओळखते ना, तसं. ते मधलं दार नीट लागत नाही, फुगलंय पावसानं, म्हणून सगळं ऐकू येतं.

तुझी कॅरव्हॅन मोठी आहे का रे? बाराशे किलो. बरं. जुनी? सासऱ्यांची. छान. माणसं मरतात पण कॅरव्हॅन चालूच राहते. तर बाराशेला नाकावर सत्तर, पंच्याहत्तर किलो पाहिजेत. नाक म्हणजे पुढचा दांडा, जो या गोळ्यावर बसतो. तुझ्या गाडीच्या बारची मर्यादाही तेवढीच आहे, पंच्याहत्तर, इथे पत्र्यावर कोरलंय बघ. आणि ही नळी तुझी. बिलात नाही, तशीच देतो आम्ही. नाकाखाली उभी धरायची, दांडा तिच्यावर सोडायचा, ती वजन दाखवते. काटाच आहे एक प्रकारचा. सिब्रन प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो. एकोणीस वर्षं देतोय. दुसऱ्या दुकानवाल्यांनी त्याला वेडा म्हटलं. काटा फुकट, त्यानं काय मिळतं? — तो म्हणतो, माणूस परत येतो, तेवढं मिळतं.

कट्. ऐकलंस? पहिला.

ते ना? ते वाढदिवसाचं कार्ड. रविवारी सत्तर पुरी होतात सिब्रनला. खुर्च्या मागून आणल्यात शेजाऱ्यांकडून, गोल मांडायच्या, सगळे येणार, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं — माझंही करतात, मी काय केलंय त्यात, देवच जाणे. हे कार्ड मुलीचं आहे. यिस्के. मास्त्रिख्तला असते, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, याच्यापुढे गेली असती तर परदेशच. येणार नाहीये. कामं असतात तिला. नर्स आहे. 'बाबांना सत्तराव्याच्या शुभेच्छा' — आणि खाली नाव. बस. अक्षर छान आहे ना? लहानपणापासून. मी टेबलावर ठेवलंय, सिब्रन येताजाता बघतो, उचलत नाही. रविवारी मी फोन करते तिला, दर रविवारी, तो मागे वर्तमानपत्र धरून बसतो आणि मध्येच विचारतो, तिकडे पाऊस आहे का? मी तिला विचारते, पाऊस आहे का? ती सांगते, आहे. मी त्याला सांगते, आहे. एवढंच बोलणं बापलेकीचं. तेरा-चौदा वर्षं पावसावरच चाललंय. एकदा तरी त्यानं स्वतः नंबर फिरवावा — नाही. असो. मुलं मोठी झाली की जातातच. तुझं केवढंय? चार वर्षांचा. गोड वय. विचारतो खूप आणि सांगितलेलं मानतो.

काय म्हणालास? — नाही, परत सांग. सायकली कुठे?

मागे. कॅरव्हॅनच्या मागच्या भिंतीवर. तिन्ही. पोराची तीनचाकी धरून.

ऐक. हिशोब कळला मला तुझा, तू हुशार आहेस. घरच्या तराजूवर मोजलंस, नाकावर शंभराच्या वर गेलं, मग म्हटलंस मागे सायकली टांगू, मागचं टोक खाली जाईल, पुढचं उचलेल, बरोबर पंच्याहत्तर येईल. येईल. ही नळी पंच्याहत्तरच दाखवेल. काटा खोटं बोलत नाही, पण काटा सगळंही सांगत नाही. कसं सांगू तुला — माझी आजी खांद्यावर लाकडी जू घेऊन दूध आणायची, दोन टोकांना दोन बादल्या. बादल्या अंगाशी असल्या की बाई वळते. बादल्या लांब टोकाला असल्या की बादल्या बाईला वळवतात. दोन्हीकडे सारखंच दूध असलं तरी. कळलं? वजन चाकांवर पाहिजे. मध्यात. खाली, जमिनीवर. पुढच्या पेटीतलं सामान काढ, तंबूच्या काठ्या मध्ये ठेव, डबे मध्ये ठेव. सायकली गाडीच्या टपावर. नाहीतर घरी. फ्रान्समध्ये सायकली भाड्यानं मिळतात. आणि बटाटेही मिळतात.

नाही, तू नाही म्हणालास बटाटे. मी म्हणाले.

कट्. दोन.

हसू नकोस, सगळेच नेतात. चाळीस वर्षं इथे उभी राहून बघतेय. आपला माणूस पंधरा दिवस परमुलुखात जाणार तर कॉफी आपली, चीज आपलं, शेंगदाण्याचं लोणी आपलं, आणि बटाटे तर आपलेच. जसं काही तिकडची माणसं गवत खातात. माझी आई बिल्तची. तिथली माती माहितीये ना, जड, निळसर, बुटाला चिकटली की बूट सोडत नाही. त्या मातीतला बटाटा — आई म्हणायची, राजाच्या ताटातही एवढा चांगला नसेल. दरवर्षी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिच्याकडे राहायचो, तिथूनच सकाळी कॅरव्हॅन जोडून निघायचो, आणि दरवर्षी ती दोन पोती अंगणात आणून ठेवायची. पंचवीस-पंचवीस किलोची. आणि दरवर्षी सिब्रन चिडायचा आणि मग दोन्ही पोती चाकांवर, मधल्या जमिनीवर, नीट आडवी घालायचा. फक्त त्या वर्षी तो म्हणाला, नाही.

तू भिंतीवरच्या बारबद्दल विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर सांगत नाही कुणाला. तो आमचाच बार. आमच्या गाडीचा. बघ, सरळ आहे की नाही? हात लावून बघ. केसाचाही बाक नाही. गावात सगळे म्हणाले, सिब्रनचा बार तुटला. बार बसवणाऱ्याचाच बार तुटला. दोन वर्षं इथे कुणी पाऊल ठेवलं नाही. त्यानं फक्त तो सोडवून आणला, भिंतीवर टांगला. कुणाला बघायचं असेल त्यानं बघावं. त्याचं बोलणं सगळं असं टांगलेलंच असतं.

त्या वर्षी नवीन तंबू घेतला होता, जड, मधली जागा त्यानं गेली. सकाळी त्यानं सगळं भरलं, नळीनं मोजलं, सत्तर. खडूनं दारावर लिहिलं, सत्तर. आणि आईची पोती अंगणात. यिस्के बाराची होती, आजीची लाडकी, तिनं ती ढकलगाडीत घालून कॅरव्हॅनच्या दाराशी आणली. सिब्रन तिला म्हणाला, परत नेऊन ठेव शेडमध्ये, यंदा न्यायची नाहीत. आई दारात उभी. सगळं ऐकलं तिनं. हात पुसत आत गेली नुसती. ब्याऐंशीची होती. ते हात पुसणं मला — अरे, बटाट्याचं काय एवढं? पन्नास किलो. घोडा आहे का कॅरव्हॅन ओढायला, दमायला? मोटार आहे. मला राग आला होता, दुसरं काही नाही. बार त्याचा, काटा त्याचा, खडू त्याचा, आणि माझ्या आईची पोती तेवढी शेडमध्ये.

तो हातपाय धुवायला आत गेला तेव्हा — ती पोती मागे गेली. पार मागे, पलंगाखालच्या पेटीत, जिथे तो उघडून बघणार नाही. कॉफी पिताना त्यानं विचारलं, काही बदललं का आत? मी म्हटलं, नाही.

तीन झाले ना? मी बोलत होते. तीन. ऐकला मी, मनात झाला तो.

फ्रान्सच्या वाटेवरचा, आर्देनच्या डोंगरातला उतार. तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार. दुपार होती, ऊन, झाडी दोन्ही बाजूंनी. मागून कुणीतरी हळूच सदरा ओढावा तसं झालं. एकदा. मग दुसऱ्या बाजूनं. सिब्रननं आरशात बघितलं आणि म्हणाला, सत्तर होतं. मला नाही म्हणाला, आरशाला म्हणाला. पाय उचलला त्यानं, जे जे करायचं ते सगळं केलं, मी शेजारी बसले होते, मला माहितीये. पण बादल्यांनी बाईला वळवलं. कॅरव्हॅन आडवी होऊन समोरच्या बाजूला गेली. खालून वर एक मोटरसायकल येत होती. तेवीस वर्षांचा मुलगा. त्याचं नाव मला पाठ आहे, पण या दुकानात मी ते घेत नाही.

यिस्केचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आम्हा दोघांना काही नाही. आणि मागची भिंत फुटली होती कॅरव्हॅनची, बटाटे रस्त्यावर. शाळा सुटल्यासारखे. उतार ना तो — धावत होते, कडेला थांबत होते, परत धावत होते. त्या मुलाजवळ दोन माणसं बसली होती, एक बाई डॉक्टर होती म्हणून थांबली होती, ती नाही-नाही अशी मान हलवत होती. आणि माझा नवरा ओणवा होऊन बटाटे उचलत होता. सदऱ्यात गोळा करायचा, कडेच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा. परत यायचा. मी बघत होते. मला वाटलं, डोकं फिरलं याचं. मग तो यिस्केजवळ गुडघ्यावर बसला. तिला म्हणाला, पोलीस आले की बटाट्यांचं काही बोलायचं नाही. मी भरले. शेवटी आठवलं म्हणून मी मागे टाकले. कुणी विचारलंच तर असंच सांगायचं, कळलं? आणि यिस्केनं माझ्याकडे बघितलं.

चार.

नाही, त्याला ऐकू जात नाही, सांगितलं ना, बोंडं असतात. घे, बिस्कीट घे अजून एक. घे रे, उघडं आहे झाकण.

त्यानं तेच सांगितलं पोलिसांना. कोर्टातही. मी भरले. शिक्षा झाली, परवाना गेला, त्या मुलाच्या आईसमोर उभं राहून त्यानं मान खाली घातली. मी मागच्या बाकावर. मला वाटलं, बघ, केवढा माणूस आहे, माझ्यासाठी घेतलं अंगावर. रस्त्यावरच बटाटे बघून ओळखलं त्यानं, कुणी ठेवले ते, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, घरी गेलो की विचारेल. नाही विचारलं. महिन्यानं विचारेल. नाही. रोज संध्याकाळी सहाला मी ताट वाढते, बटाटे असतातच, दुसरं काय असणार, तो खातो आणि म्हणतो, छान झालेत. एकोणीस वर्षं, छान झालेत. मी म्हणते, हा मला शिक्षा देतोय. तो काही शिक्षा देत नव्हता रे. त्याला खरंच छान लागत होते.

कारण त्याला माहीतच नव्हतं.

कसं सांगू. यिस्केशी तो पहिल्यासारखा राहिला नाही. वाईट नाही वागला, उलट फार जपायचा, ताप आला की रात्रभर उशाशी, पण तिच्या डोळ्यात बघायचा नाही. तिला मांडीवर घेऊन बार दाखवायचा ना पूर्वी — हा गोळा, ही मान — ते थांबलं. मी म्हणायची, वय झालं पोरीचं, बाप लांब राहतातच. ती सतरा वर्षांची असताना जेवताना काहीतरी निघालं, उशिरा घरी येण्यावरून, साधंच. तो एकदम म्हणाला, मी तुझं ओझं पाच वर्षं वाहतोय, तू निदान वेळेवर घरी ये. ती म्हणाली, माझं कसलं ओझं? तो म्हणाला, तुला सांगितलं होतं शेडमध्ये ने. सांगितलं होतं की नाही?

तर असं. ढकलगाडी बघितली होती ना त्यानं सकाळी. पोरीनं ऐकलं नाही, आजीच्या मायेनं गुपचूप मागे ठेवली — त्याच्या डोक्यात हे. बारा वर्षांच्या पोरीच्या कपाळी माणसाचा जीव नको, म्हणून तो रस्त्यावर बटाटे वेचत होता. माझ्यासाठी नाही. आणि पोरीला वाटत होतं, बाबा आईला वाचवतायत. म्हणून ती गप्प. ती दारातच होती ना, पोती मी तिच्याच हातातून घेतली होती, तिला म्हटलं होतं, दे इकडे, बाबांना सांगू नकोस.

कट् झाला. पाच. आता एकच.

मग ती माझ्याकडे वळली. सतरा वर्षांची. हातात काटा तसाच. ती वाट बघत होती. मी काय करत होते सांगू? वाडग्यातून बटाटे वाढत होते. मला एवढंच म्हणायचं होतं — मी. एक अक्षर. सिब्रन, मी. जमलं नाही. मी म्हटलं, जेवा, गार होतंय.

गार होतंय. तिनं काटा ठेवला. दुसऱ्या वर्षी शिकायला गेली, आणि दूरचं दूरचं बघून नोकरी घेतली. मला कधी बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दर रविवारी मी फोन करते, आई, कशी आहेस, बरी आहे, पाऊस आहे का, आहे. दर वेळी ती थोडी थांबते फोन ठेवायच्या आधी. दोन श्वास. मला माहितीये ती कशासाठी थांबते. आणि मी म्हणते, चल, ठेवते.

तू असा बघू नकोस माझ्याकडे. मी तुला एवढ्यासाठी सांगितलं की तू सायकली मागे टांगू नयेस. तुझी बायको काही म्हणाली, सासू काही म्हणाली, हो म्हण आणि परत मोज. पोरगं काही घेऊन आलं तर स्वतः बघ ते कुठे जातं. आणि कॉफी पिताना विचारलंस, काही बदललं का, तर तिच्या तोंडाकडे बघून विचार. कपाकडे बघून नको. सिब्रन कपाकडे बघत होता. तेवढंच चुकलं त्याचं. बाकी सगळं —

किती झाले रे?

पाच ना? मी पाचच मोजले. पाचवा केव्हा झाला? मी वाडग्याचं सांगायच्या आधी. मग मध्ये चार-पाच मिनिटं थांबतो तो, पण आता किती वेळ झाला? कॉफी गार झालीये तुझी. पूर्ण गार. सहावा ऐकलास का तू? खरं सांग. मागे कुणाकडे बघतोयस?

सिब्रन.

कधीपासून उभा आहेस तिथे? बोंडं गळ्यात आहेत तुझ्या. हो. कट् ऐकायला काढतोस. मीच सांगितलं याला, आणि मीच — पाना खाली ठेव. बस इथे. नाही बसायचं? बरं.

हो. मी.

ती नव्हती. तिनं पोती दारापर्यंत आणली, मग मी घेतली तिच्या हातातून. तिला तू सांगितलंस तसं ती परत न्यायलाच निघाली होती. हो, तिला माहीत होतं. सगळी वर्षं. — नाही, मला नको विचारू का. का ते मला नाही माहीत. काहीतरी म्हण. छान झालेत म्हणू नकोस फक्त.

तिकडे कुठे निघालास? तो माझा — फोन ना. घे. तिचा नंबर त्या कार्डामागे लिहिलाय. कार्ड उलट. मोठे आकडे आहेत, चष्म्याशिवाय दिसतील. आज दुपारची पाळी असते तिची, आत्ता घरी असेल.

तू ऊठ रे, पोरा. नाही, गाडी नाही मिळायची आज. चावी इथेच ठेव. पाच बोल्टांवर या दुकानातून कुणी जात नाही. उद्या ये, नाही, परवा ये, फोन करून ये. बायको-पोराला कालव्यावरून घे आणि चर्चसमोर जा, सव्वा वाजता बस आहे लीवार्डनची, पोरगं वरून बदकं बघेल खिडकीतून. नळी ने. नळी तुझी आहे. बिस्किटाचा डबा राहू दे उघडा.

वाजतोय तिकडे, यिस्केकडे. ऐकू येतंय मला इथपर्यंत.

जा रे. दार जोरानं ओढ, फुगलंय ते.